कान नसलेले कप

पहिल्याच दिवशी मी बाईंच्या गुरूंच्या वाडग्यात कुत्र्याला दूधभाकरी कुस्करून घातली. माझी बाजू सांगायची तर तो वाडगा ओट्याच्या कडेला, जमिनीलगत पडलेला होता, एका अंगाला कललेला होता, त्याच्या काठाला बोट बसेल एवढा खोलगा होता आणि रंग चुलीमागच्या भिंतीचा. शेजारी कुत्रं बसलेलं. आमच्याकडं असं भांडं आणि असं कुत्रं एकत्र दिसलं की दोघांचं नातं कुणी विचारत नाही. मी आईनं बांधून दिलेल्या भाकरीतली अर्धी मोडली, तिथल्याच पातेल्यातलं दूध वर ओतलं आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी मालकिणीच्या कुत्र्याला आपलंसं केलं म्हणून स्वतःवर खूश होऊन उभा राहिलो. बाई बाहेर आल्या, बघितलं, आणि ओरडल्या नाहीत. "तो वाडगा माझ्या गुरूंनी केलेला आहे," एवढंच म्हणाल्या. कुत्र्याचं खाणंही त्यांनी मध्येच तोडलं नाही. त्यानं तळ चाटूनपुसून काढेपर्यंत थांबल्या, मग वाडगा उचलला, राखेनं घासला, उकळतं पाणी ओतून खळबळला आणि दुपारी त्याच वाडग्यात स्वतःचा चहा ओतून माझ्यासमोर बसल्या. मला वाटलं, ही माझी शिक्षा चालली आहे. पण तसं काही नव्हतं. त्या नुसत्या चहा पीत होत्या.

बाई म्हणजे नलिनीबाई, मूळच्या पुण्याच्या. तरुणपणाची कितीतरी वर्षं जपानात एका म्हाताऱ्या कुंभाराच्या हाताखाली काढून त्या परत आल्या होत्या आणि जुन्नरच्या पुढं, लेण्याद्रीच्या रस्त्याला, कुकडीच्या अलीकडं जमिनीचा एक तुकडा घेऊन तिथं लाकडावरची भट्टी बांधून राहिल्या होत्या. चहाचे वाडगे आणि कप करायच्या. तेवढंच. माठ नाही, रांजण नाही, संक्रांतीची सुगडंसुद्धा नाहीत. आमच्या अवसरीत ही बातमी पोचली तेव्हा लोकांचं मत पडलं की बाईंना माठ जमत नसावेत. मी त्या वर्षी बारावीला अशा काही गुणांनी नापास झालो होतो की पुन्हा बस असं म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बांधावरच्या बाभळी आणि वठलेले आंबे टेम्पोनं बाईंच्या भट्टीला जायला लागले होते. त्याच टेम्पोत एकदा लाकडांबरोबर आबांनी मलाही पाठवून दिलं. दोन्हींचा घरी उपयोग नव्हता.

शनिवारी एसटीनं घरी आलो की आठवड्याचे किस्से सांगणं हे माझं काम. आई चुलीपुढं हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळत बसलेली, आतून फोडणीच्या लसणाचा वास, बाहेर विहिरीवरच्या मोटारीची घरघर, बिबट्याच्या धाकानं दिवस मावळायच्या आत गोठ्यात ओढून आणलेल्या गुरांचा गलका, आणि या सगळ्याच्या वर माझा आवाज. तो कुत्र्याचा किस्सा मी अगदी रंगवून सांगितला. बाईंनी वाडगा कसा उचलला, कसा तोंडाला लावला, सगळं करून दाखवलं. आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "कुत्र्यानं चाटलेलं तोंडाला लावलं? शिकलेली हाय ना रं ती?" गोठ्याच्या भिंतीला टेकून भिवातात्या त्यांचा संध्याकाळचा चहा पीत बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "धुऊन घेतला व्हता ना पर, भाऊ?"

"राखेनं घासला. वर उकळतं पाणी."

"मग झालं की," तात्या म्हणाले. "धुतल्यावर कुत्र्याचं बी चालतंय." आणि ते हसायला लागले. बराच वेळ हसले. आबाही हसले, मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मला वाटलं, माझा किस्सा जमला.

भिवातात्या आबांच्या लग्नाच्याही आधीपासून आमच्याकडं कामाला होते. घर गावाच्या खालच्या अंगाला, वस्तीत. आबा त्यांना "ए भिवा" म्हणायचे, मी तात्या म्हणायचो, आणि एवढ्यावरून आपण फार सुधारलेले आहोत असं मला वाटायचं. गडी उंच, काटक. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कुऱ्हाडीच्या एका जुन्या घावानं आत वळलेली, ती कधी सरळ व्हायची नाहीत. त्यांचा कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घातलेला असे. एके काळी तो घरातल्याच कपांपैकी होता, गुलाबाची फुलं होती त्याच्यावर. कान तुटला तेव्हा आईनं तो टाकून न देता कोनाड्यात ठेवला. त्याच्या आधी तिथं दुसरा एक कप होता, त्याचाही कान तुटलेलाच. आई हात जरा उंच धरून वरून चहा ओतायची, तात्या पिऊन झालं की हौदावर स्वतः विसळून कप पुन्हा पालथा घालायचे. आमच्या घरात जातीचा शब्द मी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. त्याची गरजच पडत नसे, कोनाडा होता. हे आज केस पांढरे झाल्यावर लिहितोय म्हणून, नाहीतर त्या वयात मला तो कोनाडा दाराच्या कडीइतकाच दिसायचा. म्हणजे दिसायचाच नाही.

बाईंकडं मात्र मला सगळंच दिसायला लागलं होतं, निदान तसा माझा समज होता. लाकडं फोडता फोडता मी माती मळायला लागलो, मळता मळता चाकावर बसलो. पहिले कित्येक महिने माझ्या हातून जे निघालं त्याला बाई "हं" म्हणायच्या. ते "हं" ऐकून मी तो गोळा पुन्हा मळायला घ्यायचो. मग कधीतरी एक कप निघाला, त्याला त्या काहीच म्हणाल्या नाहीत, फळीवर ठेवून दिला. त्या रात्री मी जेवलो नाही. आनंदानं भूक जाते हे मला तोवर माहीत नव्हतं. बाईंच्या कपांना कान नसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "दोन्ही हातांत धरायचा. हात भाजत असेल तर चहाही अजून प्यायच्या लायकीचा झालेला नाही. मग कान कशाला?" हे वाक्य मी पुढं गावभर ऐकवत फिरलो, जणू माझंच होतं. आई म्हणाली, "भाजला तर बशीत ओतावा माणसानं. त्यात जपानला कशाला जायचं?"

लाकडांची खेप आली की टेम्पोबरोबर तात्याही यायचे आणि सगळी फोडून होईपर्यंत बाईंच्या पडवीत मुक्काम करायचे. त्यांच्या कुऱ्हाडीचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा, त्यामुळं दोन माणसं लाकडं फोडताहेत असं वाटायचं. दुपारी चटईवर चहा व्हायचा. बाई, मी, माती आणणारा टेम्पोवाला, सगळ्यांच्या हातात तेच कान नसलेले कप. बाई तात्यांपुढं दोन्ही हातांनी कप धरायच्या आणि तात्या दर वेळी कमरेच्या पिशवीतून जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला काढायचे. "असू द्या बाई. माझं भांडं हाय माझ्याकडं." त्या पेल्यात चहा ओतून घ्यायचे आणि लाकडाच्या ढिगावर जाऊन बसायचे. बाईंना ते लागलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी जाणकारासारखी मान हलवली. "त्यांना तुमचे कप जड वाटतात बाई. सवय नाही ना." बाईंनी मग त्यांच्यासाठी मुद्दाम एक पातळ, हलका कप केला. तात्यांनी तो हात जोडून घेतला, घरी नेला, आणि त्यांची सून सुलू त्यात मीठ ठेवायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात तात्यांना घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पातळ माडगंसुद्धा. मंचरच्या डॉक्टरनं पुण्याला न्यायला सांगितलं, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घशाखाली गाठ निघाली, आणि काही आठवड्यांनी घरच्यांनी त्यांना परत आणलं. परत आणलं म्हणजे काय ते वस्तीत कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही. मी बघायला गेलो तेव्हा पत्र्याच्या पडवीत बाजेवर ते पडले होते आणि बाजेला काही ओझंच नसावं तशी सुंभं ताणलेली होती. आवाज बसलेला. उसासारखा चिरलेला आवाज होता त्यांचा, तो नुसता वारा होऊन बाहेर येत होता. सुलू चमच्यानं पेज पाजत होती. ती उठली, हात पुसत म्हणाली, "बसा भाऊ, च्या टाकते."

"नको नको, आत्ताच घरून पिऊन आलो," मी म्हणालो.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. पेजेचा चमचा बाजूला सारला. "ह्याचा लई कंटाळा आला, भाऊ. च्या प्यावा वाटतोय. चांगला, कडक. पर ही दीती का बघ, डाक्टरनं नगं म्हनलंय म्हणं."

"दूध चालंल म्हणल्यात, च्या न्हाई," सुलू म्हणाली. "आन् च्या घशाखाली न्हाई गेला की मग आपलं तोंड वाईट करून बसत्याल."

तिथं बसल्या बसल्या मला कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की घरातली माणसं अजूनही सावध होतात. मी तात्यांना म्हणालो, "मी तुमच्यासाठी कप करतो. तुमच्या हाताच्या मापाचा. काठ अगदी पातळ, ओठाला लागायचा नाही. चहा गरम राहील असा. पुढच्या भट्टीत भाजून आणतो, त्यातून तुम्ही चहा प्यायचा." त्यांनी आपला डावा हात उलटसुलट करून बघितला. मग हात जरासा उचलून म्हणाले, "कर की. तवर बघतो मी थांबून."

ते वाक्य घेऊन मी जुन्नरला गेलो. तवर बघतो थांबून. मी इतकं काम त्याआधी कधी केलं नव्हतं, आणि बायकोच्या मते त्यानंतरही नाही. तात्यांचा डावा हात मी डोळ्यांपुढं आणत होतो. दोन बोटं आत वळलेली, म्हणजे त्या बाजूला कपाच्या पोटात खोलगा हवा, बोटं तिथं आपोआप जाऊन बसली पाहिजेत. अंगठ्याला वर टेकायला जरा उंचवटा. हाताला जोर नाही, म्हणजे हलका. फळीभर कप केले आणि त्यातला एक ठेवून बाकीचे मोडले. तो सावलीत सुकत असताना घरून निरोप यायचे. उलटी झाली. बोलणं बंद झालं. पुन्हा बोलले. मी रोज सकाळी उठून आधी कपाला हात लावून बघायचो, सुकला का. ओला कप भट्टीत घातला तर फुटतो, आणि घाई केली तर दुसरा करायला वेळ नव्हता.

बाईंची भट्टी म्हणजे उतारावर आडवा पडलेला विटांचा बोगदा, खालच्या तोंडाला जाळ आणि वरच्या टोकाला धुराडं. त्यातल्या भांड्यांना वरून रंग नाही, झिलई नाही. लाकडाची राख जाळाबरोबर आत उडते, भांड्यांवर बसते, आणि उष्णता पुरेशी वाढली की ती राखच वितळून काचेसारखी होते. ज्या अंगाला जाळ लागतो ते अंग तांबडं, राख जिथं साचते तिथं हिरवट पिवळं. कुठल्या भांड्याला काय मिळेल ते आपल्या हातात नाही. दिवसचे दिवस लाकूड घालत राहायचं. माझी पाळी दिवसाची होती. तात्यांनी शेवटच्या खेपेला फोडून रचलेला ढीग तसाच पडून होता, त्यातला एकेक ओंडका मी आत सारत होतो. बाभूळ पेटताना फुटते, तो आवाज, धुराड्याच्या तोंडावर उभी राहिलेली ज्वाळा, आणि तापलेल्या विटांचा, जीभ कोरडी करणारा वास. बाईंना मी कशासाठी काय करतोय ते सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "तुझा कप पुढं ठेव, जाळाच्या जवळ. फुटला तर फुटला. पण राहिला तर चांगला होईल."

राहिला. भट्टी गार झाल्यावर तोंडाच्या विटा काढल्या तेव्हा पुढची बरीच भांडी एकमेकांना चिकटून बसली होती, काही तडकली होती, आणि त्यांच्यामध्ये तो एकटा उभा होता. एका बाजूनं विटेसारखा तांबूस, दुसऱ्या बाजूनं राख ओघळून खाली आलेली, आणि ओघळाच्या टोकाला थेंब, पडता पडता थांबलेला. बाईंनी तो उचलला, फिरवला, आणि खाली ठेवलाच नाही. "हा मला देशील?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. मी म्हणालो, "तात्यांचा आहे." त्यांनी तो पुसून माझ्या हातात दिला. मी पहिल्या एसटीनं निघालो. नारायणगावच्या स्टँडवर दुसरी गाडी मिळेपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरून आईकडून किटलीत चहा घेतला आणि वस्तीत गेलो. तात्या अजून होते. आदल्या दिवसापासून पाणीही घेतलं नव्हतं. सुलूचा चेहरा जागून काळवंडलेला, तरी सवयीनं म्हणाली, "भाऊ, बसा. च्या टाकते."

"मीच आणलाय," मी म्हणालो. तात्यांना उशाला गोधडी लावून जरा वर केलं. कप काढला, त्यात चहा ओतला, आणि बाई धरायच्या तसा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. त्यांनी घेतला. डावा हात त्याच्याभोवती गेला आणि ती दोन वाकडी बोटं खोलग्यात नेमकी जाऊन बसली. त्यांनाही ते कळलं. बोटं त्यांनी एकदा काढली आणि पुन्हा आत घालून बघितली. वाफ त्यांच्या तोंडावर जात होती. ते कपाकडं बघत राहिले. ओघळाकडं, थेंबाकडं. मग तो त्यांनी बाजेच्या कडेला, न सांडता, नीट खाली ठेवला.

"ह्याला कान न्हाई," ते म्हणाले.

मला हसू आलं. मी म्हणालो, "तात्या, हा असाच असतो. जपानी पद्धत आहे."

"ठावं हाय. बाईंकडं बघितलंय की."

इथं थांबलो असतो तरी बरं होतं. पण मी समजावायला लागलो. हात कसा धरायचा, कान का नको, पुण्यामुंबईची माणसं असल्या कपाला कशी जपतात. त्यावरची ती काच बघा, म्हणालो, ती तुम्हीच फोडलेल्या लाकडाची राख आहे. तात्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, "माझी राख व्हायला अजून थोडं दिस हायेत, भाऊ. घाई करू नगं." सुलूनं तोंड फिरवलं. त्यांनी डोळे उघडले. "लई चांगला केलाईस. हाताला बसतोय. पर मी जलमभर तुमच्या गोठ्यात कान नसलेल्या कपात च्या पिलो. आता एक डाव कानाचा दी."

मी उठलो. बाहेर ऊन होतं. वस्तीपासून आमच्या घरापर्यंतचा रस्ता मी पळत गेलो की चालत, मला आठवत नाही. ओट्यावरून आत जाताना गोठ्याचा कोनाडा दिसला. त्यात तो कप पालथा होता, आणि त्याच्या न् भिंतीच्या मध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं.

आमच्या पुढच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात आईच्या माहेरून आलेला कपबशांचा सेट, सोनेरी काठाचा. तो निघायचा फक्त मासवडीचा बेत असेल अशा दिवशी, म्हणजे सोयरे किंवा तालुक्याचे साहेब आले तर. एरवी आम्हा घरातल्यांनाही त्याला हात लावायची परवानगी नव्हती. मी आईला सांगितलं, तात्यांना कानाचा कप पाहिजे. एवढंच सांगितलं. आबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "स्टीलचा पेला ने की. काचेचं सामान उगं फुटंल." आई उभी राहिली. तिनं पदरानं हात पुसले, कोरडेच होते तरी पुसले, कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं. एक कप घेतला, त्याची बशी घेतली, फडक्यात गुंडाळली. आबांनी पान उलटलं. आईनं ते माझ्या हातात दिलं आणि किटलीत पुन्हा गरम चहा ओतला. मला त्या क्षणी आई इतकी मोठी वाटली, इतकी मोठी वाटली, की जुन्नरला परत गेल्यावर मी बाईंनाही ते सांगितलं.

तात्यांनी कपाचा कान धरून तो घेतला. कप बशीवर किणकिणत होता. सुलूनं खालून आधार द्यायला हात पुढं केला तो त्यांनी मानेनं बाजूला केला. थोडा चहा बशीत ओतला, बशी ओठाला लावली आणि फुर्रकन ओढला. गिळताना सगळं अंग आवळलं गेलं. आम्ही दोघं बघत होतो. पुन्हा ओतला, पुन्हा ओढला. बराचसा हनुवटीवरून खाली आला, पण काही आत गेला. मग ते थांबले आणि म्हणाले, "साखर कमी हाय. तुझ्या आईचा हात पहिल्यापासनंच आखडता." सुलू हसली आणि हसता हसता रडायला लागली. तात्यांनी रिकामा कप खाली ठेवला नाही. कानात बोट अडकवून तसाच पोटावर धरून ते झोपले.

त्याच आठवड्यात ते गेले. त्याआधी पुन्हा काही प्यायले की नाही ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. कार्य झाल्यानंतर एका सकाळी सुलू आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. ओट्याच्या खाली, जिथं ती नेहमी उभी राहायची तिथंच. हातात फडक्यात गुंडाळलेली कपबशी. मी आत पायताण शोधत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"वैनी, ही तुमची कपबशी."

"असू दे गं," आई म्हणाली. "राहू दे तुझ्याकडंच."

"सेट मोडंल तुमचा."

"मोडू दे. आता कशाला परत?"

सुलूनं फडकं सोडलं, बशी किणकिणली. मग म्हणाली, "घासलीय वैनी. राखेनं घासलीय. वर उकळतं पाणी बी ओतलंय."

आई काहीतरी म्हणाली, "तसं न्हाई गं बाई," असं काहीतरी. पण हात पुढं केल्याचा आवाज असतो, बांगड्यांचा, तो आला नाही. मी बाहेर आलो तोवर सुलू फडकं पुन्हा गुंडाळून वळली होती. आई पुढं पुष्कळ वर्षं जगली. कपाटात त्या एका कपाची जागा तिनं तशीच मोकळी ठेवली, दुसरं काही तिथं सारलं नाही. मी तिला त्या सकाळबद्दल एकदाही विचारलं नाही. कधी मला वाटतं तिनं तो मनापासून देऊन टाकला होता. कधी मला तसं वाटत नाही. कोनाडा पुढं घराची डागडुजी करताना गवंड्यानं न विचारताच बुजवला.

तात्यांसाठी मी केलेला कप सुलूनं मला परत दिला होता. तो आजही माझ्याकडं आहे, सकाळचा चहा मी त्यातच पितो. माझ्या हाताला तो नीट बसत नाही. त्या खोलग्यात माझी सरळ बोटं काय करावं ते न सुचून टेकून असतात. बाई गेल्यावर त्यांची भट्टी मी चालवायला लागलो. पुण्यामुंबईची माणसं कप बघायला येतात, चटईवर बसतात, कान नसलेल्या कपांत चहा पितात, आणि कुणीतरी विचारतंच, तुम्ही तुमच्यासाठी हा वाकडा कप का ठेवलाय? मग मी ही गोष्ट सांगतो. आता ती माझी चांगली बसलेली आहे. तात्यांचा आवाज काढतो, सुलूचं "भाऊ, बसा, च्या टाकते" काढतो, कुठं थांबायचं ते मला कळतं. माणसं डोळे पुसतात. एक बाई तर जाताना माझ्या पाया पडल्या.

त्या दिवशी माझी बायको मंगल पहिल्यांदाच ती गोष्ट पूर्ण ऐकत होती. लग्न होऊन ती तळेघरहून आली त्यानंतरही मी ती तुकड्यातुकड्यांनीच सांगितली होती, भाकरी थापताना, एसटीत, अशी. पाहुणे गेल्यावर मी चटई झटकली आणि ती कप गोळा करून नळावर बसली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, तिचेही डोळे भरले असतील. मग एकेक कप फळीवर पालथा घालत, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "ती सुलू दर येळी च्या टाकते म्हनायची. मग त्यांच्या घरी तुमी कशात प्यायचात?"